मैदानाच्या कडेने : मनातला किडा

गेल्या वर्षी एप्रिलपासून जुलैपर्यंत मी न्यू जर्सीत लेकीकडे होते. त्या चार महिन्यांत स्तंभ अनियमित झाला, त्याबद्दल वाचकांची क्षमा मागते. तिथे स्वस्थ बसून मात्र राहिले नाही. तीस वर्षे मुलींना गोळाफेक, खो-खो आणि लेझीम शिकवलेली बाई कुठेही गेली तरी तिचे पाय मैदानाकडेच वळतात. माझा अकरा वर्षांचा नातू तिथे लिटल लीगमध्ये बेसबॉल खेळतो. दर शनिवारी सकाळी घडीची खुर्ची, शाल आणि चहाचा थर्मास घेऊन मी त्या मैदानाच्या कडेला बसत असे. एप्रिलमध्ये तिथे अजून अंगात हुडहुडी भरते.

हा खेळ आपल्याकडे फारसा खेळला जात नाही, पण ज्यांची मुले-नातवंडे तिकडे आहेत अशी कितीतरी घरे आपल्या वाचकवर्गात आहेत. त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देते. लिटल लीग ही शाळकरी मुलांची संघटना १९३९ साली पेन्सिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट या गावी सुरू झाली. मोठ्यांच्या खेळात चेंडू टाकणारा पिचर आणि फलंदाजासमोरची होम प्लेट यांत ६० फूट ६ इंच अंतर असते, या मुलांच्या मैदानावर ते ४६ फूट असते. चेंडूला टप्पा नसतो, तो थेट हवेतून येतो. मोठ्यांच्या सामन्यात ताशी ९५ मैलांनी आलेला चेंडू पोहोचायला सुमारे ०.४ सेकंद लागतो. नातवाच्या वयाची मुले ताशी ५० मैलांनी टाकत असली, तरी अंतर कमी असल्याने फलंदाजाला जेमतेम ०.६ सेकंद मिळतो. तेवढ्यात चेंडू पाहायचा, मारायचा की सोडायचा हे ठरवायचे आणि गोल चेंडूवर गोल बॅट आणून आदळायची. दहा वेळांपैकी तीन वेळा जो हे साधतो, त्याला मोठ्यांच्या खेळात उत्तम फलंदाज म्हणतात. दहापैकी सात सौदे बुडवणाऱ्याला आपल्या पेढीवर कोणी उभे केले नसते, असे मी जावयांना म्हटले, तेव्हा ते पोट धरून हसले.

नातवाचे मात्र दहापैकी दहा बुडत होते. बॅट फिरे, पण चेंडू मागच्या जाळीत जाऊन पडे. कधी लागलाच तर टोकाला लागून ‘ठण्ण’ असा रिकामा आवाज येई, कारण तिथे मुलांच्या हाती बहुधा धातूची बॅट असते. पोरगा मान खाली घालून बाकावर जाऊन बसे. मे महिन्याच्या आरंभी त्याने आईला सांगितले, “मला पुढच्या वर्षी नाव घालायचं नाही.”

त्याच आठवड्यात सरावाच्या वेळी एक प्रसंग घडला. त्याचे प्रशिक्षक म्हणजे संघातल्याच एका मुलाचे वडील. नळजोडणीचा व्यवसाय सांभाळून संध्याकाळी विनामोबदला मैदानावर येणारा मोठा सज्जन माणूस. नातवाचा मागचा पाय फटका मारताना वळत नव्हता, जागीच खिळलेला असे. प्रशिक्षक ओरडले, “स्क्विश द बग!” म्हणजे, पायाखाली किडा आहे असे समज आणि चवडा फिरवून त्याला चिरड. अमेरिकेत बेसबॉल शिकलेल्या कित्येक पिढ्यांनी ही सूचना ऐकली आहे. इतर मुले ऐकत होती आणि पाय फिरवत होती. आमचा नातू मात्र पाय उचलून खाली पाहू लागला. नंतर त्याने बॅट फिरवली, पण पाय होता तिथेच राहिला. प्रशिक्षक तीनदा ओरडले, तीनदा तसेच झाले. त्यांना वाटले, मुलगा ऐकत नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याने मला विचारले, “आजी, पिठाचा कोंबडा मारला तरी यशोधर राजाला इतके जन्म भोगावे लागले ना? मग मनातला किडा चिरडला तर?”

रविवारच्या पाठशाळेत ऐकलेली कथा त्याने अशी मैदानावर नेली होती. वाचकहो, मी निरुत्तर झाले. घरात मुंगी दिसली तर ती कागदावर घेऊन कुंडीत सोडायला आम्हीच त्याला शिकवले, आणि आता त्याला ‘अरे, ते नुसतं म्हणायचं असतं’ असे सांगणे माझ्या जिवावर आले. मी एवढेच म्हणाले, “तू पाय फिरवला नाहीस ते बरं केलंस. उद्या बघू या, पाय खरोखर कशासाठी फिरतो ते.”

मग मी शोधू लागले. जावयांच्या संगणकावर नामवंत फलंदाजांच्या फटक्यांची संथ गतीची चित्रफीत लावून तास-तासभर पाहत बसे. आणि मला मौज वाटली. बॅट चेंडूला लागते त्या क्षणी त्यांपैकी बहुतेकांचा मागचा पाय किडा चिरडण्याच्या स्थितीत नसतोच. त्या पायावर भारच उरलेला नसतो. बुटाचे टोक जमिनीला जेमतेम टेकलेले, काहींचा तर पाय किंचित वर उचललेला. शरीराचे वजन तोवर पुढच्या पायावर गेलेले असते. जो मुलगा मागच्या चवड्यावर दाब देऊन तिथेच गरगर फिरतो, त्याचे वजन मागे अडकते, आणि फटक्याला बळ मिळत नाही. चवडा फिरतो खरा, पण तो कंबर फिरल्यामुळे तिच्यामागून ओढला जातो. परिणामालाच कारण समजून सूचना दिली गेली होती. अलीकडे तिथल्या पुष्कळ प्रशिक्षकांनी ही सूचना सोडली आहे, असेही वाचनात आले. म्हणजे मुलाने सूचना नाकारली ती धर्मबुद्धीने, पण शरीरशास्त्रही त्याच्याच बाजूने उभे राहिले.

आता हा फटका शरीरात कसा घडतो ते सांगते. उजव्या हाताचा फलंदाज डावी बाजू पिचरकडे करून उभा राहतो. चेंडू हातातून सुटण्याच्या सुमारास तो वजन थोडे मागे, उजव्या पायावर घेतो. मग डावा पाय पुढे टाकतो. हे पाऊल लहान आणि हलके हवे, पातळ बर्फावर ठेवावे तसे. पावलासोबत डोके पुढे गेले की फसले. डावी टाच जमिनीला टेकली की खरी हालचाल सुरू होते. प्रथम कंबर पिचरकडे वळू लागते, त्या क्षणी खांदे अजून मागेच असतात. या दोहोंमध्ये जो पीळ पडतो, त्यात बळ साठते. मग खांदे, मग हात आणि सर्वांत शेवटी बॅट. पुढचा गुडघा याच वेळी ताठ होऊन पुढे जाणाऱ्या शरीराला अडवतो, आणि अडवलेला तो वेग वर कंबरेकडे चढतो. वेल्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली व्यावसायिक फलंदाजांच्या फटक्याचे मोजमाप प्रसिद्ध केले. त्यात कंबरेचा परिभ्रमणाचा वेग सेकंदाला ७१४ अंशांपर्यंत, त्यानंतर खांद्यांचा ९३७ अंशांपर्यंत गेला, आणि बॅटचा वेग सेकंदाला ३१ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ११० किलोमीटर भरला. पुढची कडी मागच्या कडीहून अधिक वेगाने फिरते, हे त्यातले मर्म.

हे आकडे न वाचताही आपल्या घरातील प्रत्येक गृहिणीला ते ठाऊक आहे. धुतलेले धोतर वाळत घालण्यापूर्वी आपण झटकतो. हात पुढे जातो, मध्येच थांबतो, आणि त्या थांबण्यानेच टोकाला ‘फट्’ असा आवाज उठतो. हात न थांबवता नुसता पुढे नेला तर धोतर लोंबकळते. कापडाच्या दुकानात ताग्याची घडी ग्राहकासमोर एका झटक्यात उलगडणारा जुना सेल्समन पाहिला आहे ना? त्याचे मनगट शेवटी हलते, खांदा आधीच स्थिर झालेला असतो.

नातवाच्या फटक्यात हा क्रम उलटा होता. हात आधी सुटत, कंबर मागून येई किंवा येतच नसे. गोळाफेकीत नवख्या मुलींचे नेमके असेच होते. हात ढकलतो आणि पाय बघत राहतात. शाळेत मी सुरुवातीची काही वर्षे ‘कंबर फिरव, कंबर फिरव’ असे ओरडून घसा बसवून घेतला होता. मुली कंबर फिरवत आणि बाकी सारे विसरत. पुढे एका जुन्या सहकाऱ्याने सांगितले, अवयवाचे नाव घेऊ नका, त्यांना काम द्या. ते मला अनुभवाने पटले होते, त्याला शास्त्राचा आधार आहे हे मात्र या वेळी कळले. गॅब्रिएल वुल्फ या जर्मन संशोधक बाईंनी सहकाऱ्यांसह १९९८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बर्फावर घसरण्याच्या सरावाचे एक यंत्र असते, त्यावर लोकांना उभे केले. काहींना सांगितले, ‘बाहेरच्या पायाने जोर दे.’ काहींना सांगितले, ‘पायाखालच्या बाहेरच्या चाकांवर जोर दे.’ पाय आणि चाक यांत अंतर किती? काही इंच. तरीही ज्यांचे लक्ष चाकांकडे होते ते अधिक चांगले शिकले. आपले लक्ष अवयवाकडे गेले की, शरीर जे स्वतःहून सुरळीत करत असते त्यात आपण हात घालतो आणि घोळ होतो.

इथे एक पुस्ती जोडायला हवी, कारण कोणतीही गोष्ट सर्वांना सारखी लागू पडते असे मानण्याची खोड आम्हा शिक्षकांना फार असते. कास्तानेडा आणि ग्रे यांनी २००७ साली नेमका हाच प्रश्न बेसबॉलच्या फलंदाजांवर तपासला. तरबेज फलंदाजांनी आपल्या हातांकडे लक्ष दिले की त्यांचा खेळ बिघडे, बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूच्या वाटेकडे लक्ष दिले की सुधारे. नवशिक्यांचे तसे नव्हते, त्यांना स्वतःच्या कृतीकडे लक्ष दिल्याचा उपयोग झाला. म्हणून अगदी आरंभी अवयवाचे नाव घ्यावे लागते. पण ते मैदानावर, चेंडू येत असताना नव्हे. घरी, सावकाश, आणि एका वेळी एकच.

आमच्याकडे याच्या बरोबर उलट चालले होते. जावई महाविद्यालयात क्रिकेट चांगले खेळलेले. मुलाची पाळी आली की ते जाळीला बोटे अडकवून उभे राहत. “कोपर वर! डोकं खाली! चेंडूकडे बघ! बॅट सरळ! लवकर! अरे, घाई नको!” एकदा वाणसामानाच्या पावतीच्या पाठीवर मी मोजदाद केली. एका पाळीत चौदा सूचना झाल्या, आणि त्यांतल्या दोन परस्परविरुद्ध. प्रशिक्षकांच्या वेगळ्याच. परतीच्या वाटेवर गाडीत वीस मिनिटे चुकांचा जमाखर्च मांडला जाई. पोरगा खिडकीबाहेर पाहत बसे. लेक आरशातून माझ्याकडे बघे. तिला काही बोलता येत नव्हते आणि मलाही. सासूने जावयाला त्याच्याच गाडीत काय सांगावे?

या सूचनांमागे माया होती, हे मला दिसत होते. पण प्रत्येक सूचनेचा हिशोब तपासून पाहिला, तर बऱ्याच खोट्या निघाल्या. ‘बॅट सरळ’ ही क्रिकेटची शिकवण. तिथे टप्पा पडून उठणाऱ्या चेंडूसमोर उभी बॅट आणतात. बेसबॉलची बॅट आडवी फिरते. पकड मात्र दोन्हीकडे एकच आहे, याची मला गंमत वाटली. उजव्या फलंदाजाचा उजवा हात दोन्हीकडे बॅटच्या जाड भागाजवळ असतो. तिथे बॅट वर धरलेली, म्हणून त्याला वरचा हात म्हणतात. इथे ती खाली टेकलेली, म्हणून त्याला खालचा म्हणतात.

‘कोपर वर’ ही सूचना तिथेही सर्रास देतात. मागचे कोपर सुरुवातीला वर असले काय नि सैल असले काय, फटका सुरू झाला की ते खाली येऊन बरगडीजवळ लागलेच पाहिजे. दहा-अकरा वर्षांच्या अशक्त खांद्याच्या मुलाने ते मुद्दाम उंच धरले तर खाली यायला उशीर होतो आणि बॅट लांबून फिरते.

‘चेंडूकडे बघ’ ही तर सर्वांत निरुपद्रवी वाटणारी सूचना. बाहिल आणि लारिट्झ या संशोधकांनी १९८४ साली दाखवले की, त्यांनी तपासलेल्या व्यावसायिक खेळाडूचीसुद्धा नजर चेंडू प्लेटपासून सुमारे साडेपाच फुटांवर असेपर्यंतच त्याच्यासोबत राहू शकली. त्यानंतर चेंडू डोळ्यांपेक्षा वेगवान होतो. म्हणजे शेवटच्या टप्प्यात फलंदाज पाहत नसतो, तो अंदाजाने मारतो. मुलाला सांगायचे तर हे सांगावे, की पिचरच्या हातातून चेंडू सुटतो ती जागा पाहा. तिथून जे कळते तेच कामाचे.

आणि बॅट वरून खाली मारायची की खालून वर, हा वाद तर तिकडे पिढ्यानपिढ्या चालू आहे. टेड विल्यम्स यांनी १९४१ साली .४०६ ही सरासरी गाठली. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये पूर्ण हंगामात कोणाला .४०० गाठता आलेली नाही. त्यांनी १९७०च्या सुमारास आलेल्या आपल्या पुस्तकात युक्तिवाद मांडला की, पिचर दहा इंच उंचवट्यावरून टाकतो, त्यामुळे चेंडू उतरत येतो, तेव्हा बॅट किंचित चढत गेली तर दोघांची वाट अधिक काळ एकत्र राहते. चार्ली लाउ या प्रशिक्षकांचा भर वजन मागून पुढे नेण्यावर होता. त्यांचे शिष्य जॉर्ज ब्रेट यांनी १९८० साली .३९० सरासरी काढली. दोघेही आपापल्या जागी खरे. गंमत अशी की, कित्येक थोर फलंदाज ‘मी वरून खाली मारतो’ असे सांगत आले आणि चित्रफितीत मात्र त्यांची बॅट वर चढताना दिसते. त्यांना जे जाणवत होते ते घडत नव्हते. ज्याची बॅट फारच खालून येते, त्याला ‘वरून मार’ हे औषध आहे. ज्याची मुळातच नीट येते, त्याला तेच औषध दिले तर तो आजारी पडायचा. गिऱ्हाईक पाहून माल दाखवावा हे आपण दुकानात न चुकता पाळतो, मुलांच्या बाबतीत का विसरतो कोण जाणे.

असो. मी काय केले ते सांगते. पहिले काम बॅटचे. मुलाला एका हाताने बॅट आडवी ताणून धरायला सांगितली. पंधराच्या आतच मनगट थरथरू लागले. ‘पुढच्या वर्षीही चालेल’ म्हणून जावयांनी ती एक माप मोठी घेतली होती. काटकसर आपल्या रक्तात आहे, पण या बाबतीत ती महागात पडते. जड बॅटमुळेच हात आधी निघत होते, तिला वेळेवर आणण्याच्या धास्तीने. हलकी बॅट आली. हातमोजा मात्र जावयांनी आधीच पुष्कळ शोधाशोध करून कृत्रिम धाग्याचा घेतला होता. चेंडूचे वेष्टन व्यावसायिक खेळात १९७४पासून गाईच्या कातड्याचे असते, त्याआधी घोड्याच्या कातड्याचे असे. मुलांसाठी कृत्रिम वेष्टनाचे चेंडू मिळतात, घरच्या सरावाला आम्ही तेच वापरले. सामन्यात समोरून येणारा चेंडू आपल्या हाती नाही. ज्या घरांना हा प्रश्न पडतो त्यांनी मुलाचे नाव घालण्यापूर्वीच त्याचा विचार करावा.

दुसरे काम पायांचे. सांगलीच्या मार्केट यार्डात लहानपणी मी हळदीची पोती चढताना पाहिली आहेत. दोन हमाल समोरासमोर उभे राहून पोते झुलवतात आणि गाडीत भिरकावतात. त्यात हात फक्त आकड्यासारखे असतात, काम पाय आणि कंबर करतात. हातांनी उचलणारा हमाल दुपारपर्यंतही टिकणार नाही. घरात दोन किलो मुगाची कापडी पिशवी होती. तिचे तोंड शिवून टाकले. नातवाला सोफ्याकडे डावी बाजू करून उभे केले आणि म्हटले, “ही पिशवी सोफ्यावर टाक. हमाल पोतं टाकतो तशी. मागून पुढे.” सरळ हात करून टाकली तर पिशवी मध्येच पडे. चार-पाच वेळा पडली. मग त्याची त्यालाच युक्ती सापडली. पुढचे पाऊल टाकले, कंबर गेली, मागून पिशवी गेली आणि सोफ्याच्या पाठीवर धप्पकन आदळली. मी खाली बोट दाखवले. मागच्या पायाची टाच वर उचललेली होती, तळवा मागे दिसत होता.

“बघ, पाय फिरला. कोणाला चिरडलंस?”

त्याने पाय उचलून खाली पाहिले. “कोणालाच नाही,” तो म्हणाला.

जपानचे सादाहारू ओ यांची गोष्ट मी त्याला सांगितली. ८६८ होम रन मारणारा हा फलंदाज सुरुवातीला अडखळत होता. १९६२ साली त्यांचे गुरू हिरोशी अराकावा यांनी त्यांना पुढचा पाय उचलून एका पायावर उभे राहायला लावले, आणि सरावासाठी हाती तलवार दिली. छतापासून दोऱ्याने टांगलेला कागद कापायचा. कागद हलका, नुसत्या जोराने तो कापला जात नाही, पाते नीट वाटेने गेले तरच कापला जातो. इथेही गुरूने मनगटाचे नाव घेतले नाही, काम दिले. नातवाला एका पायावर उभे राहण्याचे फार वेड लागले. ते मी दोन दिवस चालू दिले, मग आवरले.

प्रशिक्षकांशी बोलायचे होते. माझे इंग्रजी शाळेच्या कार्यालयापुरतेच. लेक सोबत आली. किड्याची गोष्ट त्यांना सांगितली, यशोधराचीही थोडक्यात. मला भीती होती, हा माणूस हसेल किंवा दुखावेल. ते हसले नाहीत. बराच वेळ टोपी हातात फिरवत उभे राहिले. मग म्हणाले, मला माझ्या वडिलांनी असंच शिकवलं होतं, मीही फार चांगला फलंदाज नव्हतो. पुढच्या सरावापासून त्यांनी सगळ्याच मुलांना वेगळे सांगायला सुरुवात केली. बेंबी पिचरला दाखव. हीसुद्धा तिथली जुनीच सूचना. पिचर समोर आहे, त्याला काही दाखवायचे आहे, म्हणजे लक्ष बाहेर जाते आणि कंबर आपसूक फिरते. मुले खिदळत, पण करत.

राहिले जावई. त्यांना मी काही सांगितले नाही. एका रात्री नातू झोपल्यावर ती पावती त्यांच्यापुढे ठेवली. चौदा रेघा, खाली दोन वर्तुळे. त्यांनी विचारले, “आई, हे काय?” मी म्हटले, “एका पाळीचा हिशोब आहे. जमेला काय धरायचं ते तुम्हीच बघा.” ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या सामन्याला मात्र जाळीपासून दूर, माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले. नातू बॅट घेऊन उभा राहिला तेव्हा त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. परतताना गाडीत तेही गप्प, पोरगाही गप्प. इतकी अवघड वीस मिनिटे मी क्वचितच काढली असतील.

पुढच्या तीन आठवड्यांत चमत्कार झाला नाही. स्टँडवर ठेवलेला चेंडू तो बरा मारू लागला, मग जावई जवळून हळू टाकत तोही लागू लागला. ‘कुंपणाजवळच्या झाडाकडे मार’ एवढी एकच गोष्ट ते बोलत. सामन्यात बॅट अजूनही हुकत होती, पण आता वेळेत निघत होती. हुकण्यातही फरक असतो, तो कडेला बसणाऱ्याला दिसतो.

जूनच्या मध्यावर संध्याकाळचा सामना होता. तिथे त्या दिवसांत सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, म्हणून लेकीने दशम्या आणि चटणीचा डबा मैदानावरच आणला होता. सहाव्या डावात नातवाची पाळी आली. पहिला चेंडू त्याने सोडला. दुसरा हुकला. तिसऱ्याला मी पुढची टाच टेकताना पाहिली, मग बॅट दिसलीच नाही, फक्त आवाज आला. रिकामा नव्हे, भरलेल्या घागरीवर टिचकी मारावी तसा. चेंडू सरळ रेषेत, डोक्याएवढ्या उंचीवरून गेला आणि शॉर्टस्टॉपच्या जागी उभ्या असलेल्या मुलाच्या मोज्यात शिरला. त्या मुलाला हातही हलवावा लागला नाही. बाद.

धावफलकावर आधीच्या सगळ्या पाळ्यांइतकीच नोंद झाली. नातू पहिल्या बेसच्या निम्म्या वाटेवरून परतला. जाळीजवळून जाताना त्याने आमच्याकडे पाहिले. जावयांचे हात मांडीखालीच होते. प्रशिक्षकांनी त्याच्या शिरस्त्राणावर दोनदा थोपटले.

सूर्य टेकायच्या आत आम्ही डबा उघडला. गाडीत बसल्यावर नेहमीप्रमाणे शांतता होती. पहिला सिग्नल गेला, दुसरा गेला. मग मागच्या आसनावरून आवाज आला.

“बाबा, तो चेंडू थोडा आत आला होता ना?”

“हो,” जावई म्हणाले. “थोडा.”

“मग अजून पुढे गाठायला हवा होता. प्लेटच्या पुढे.”

जावयांनी आरशात माझ्याकडे एकदा पाहिले आणि गाडीचा वेग थोडा कमी केला.